दात जुळले, पाठ जुळली का?

वेरूळला जायचं म्हणून नांदगाव स्टेशनावर उतरणं आज कुणाच्या ध्यानातही येणार नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र मुंबईहून लेणी पाहायला निघालेला प्रवासी इथंच आगगाडी सोडायचा. पुढं टांगा, सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग, मग निजामाची हद्द. 1900 च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडं रूळ गेले आणि नांदगावची ही वर्दळ ओसरली. लेण्यांतल्या दगडी हत्तींवर पानंच्या पानं लिहिली गेली. तिथवर नेणाऱ्या जिवंत तट्टाच्या वाट्याला सहसा एखादं वाक्य येतं, तेही ते अडून बसलं म्हणून!

त्या तट्टानं ही वाट कशाच्या जोरावर काढली, याचं उत्तर त्याच्या पायात आहे. उभ्या घोड्याचा पुढचा पाय वरून खाली चाचपत जा. मध्ये ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते शरीररचनेच्या हिशेबानं मनगट. त्याखाली नळी, म्हणजे तळहातातलं एकच हाड, जाड झालेलं. तिच्या मागच्या अंगानं दोन्ही बाजूंना बोट फिरवलं तर बारीक काडीसारखी हाडं लागतात आणि खाली जाता जाता बोंडासारख्या टोकाशी संपतात. लक्षावधी वर्षांपूर्वी तिथं आणखी दोन बोटं होती, त्यांची ही खूण. खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. नालबंद ज्यात खिळा ठोकतो ते नखच. पण खिळा दोन-चार मिलिमीटर आत सरकला की घोडा लंगडतो, कारण लगेच आत जिवंत भाग आणि हाड आहे.

नळीवर मांस जवळजवळ नाही. कातडी, कंडरा, हाड, बस. स्नायूंचा भार वर खांद्याशी ठेवून पाय हलका केलेला, म्हणून वेग. आणि म्हणूनच हे हाड मोडलं की त्याच्या कपच्या कातडी फाडून बाहेर येतात, रक्तपुरवठा तुटपुंजा, शिवाय चारशे किलोंच्या जनावराला महिनोन्‌महिने आडवं ठेवता येत नाही. उरलेल्या पायांवर भार पडून त्यांचे खूर आतून सुजतात. ‘पाय मोडला की घोडा संपला’ हे बोलणं क्रूर वाटतं, पण त्यामागं हे गणित आहे. पट्ट्या-स्क्रू लावून काही घोडे आता वाचवतात. त्याचा खर्च आणि ती सोय खेड्यातल्या तट्टाच्या नशिबी नाही.

घोड्याच्या सांगाड्यात साधारण 205 हाडं मोजतात, पण त्यात गळ्याचं हाड, म्हणजे हंसळी, नाही. पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत. छातीचा पिंजरा दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. उभ्या घोड्याचा सुमारे साठ टक्के भार याच पुढच्या पायांवर.

आपल्याकडं घोड्याची हाडं फार आधीपासून जपून पुरलेली सापडतात. विदर्भात नागपूरजवळ माहुरझरी, नैकुंड इथल्या शिलावर्तुळांत पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मृतांसोबत घोड्यांचे अवशेष, तोंडावरचे तांब्याचे दागिने आणि लोखंडी लगाम मिळाले. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. पुढं मराठ्यांच्या फौजेत जे ठेंगणं, काटक जनावर दौडलं, ते भीमथडी. 2023 च्या सुरुवातीला स्वतंत्र देशी जात म्हणून त्याची नोंद झाली. आज ते मुख्यतः धनगरांच्या वाड्यासोबत बिऱ्हाड वाहत फिरताना दिसतं.

आता मुद्द्याचं. घोडा वयात येतो तो खालून वर. हाडांची वाढती टोकं पहिल्या वर्ष-दीड वर्षात खुराजवळ भरून येतात, मनगटाच्या वरची अडीच वर्षांच्या आसपास, आणि पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. दाताचं वेळापत्रकही जवळपास असंच आहे. समोरचे मधले दुधाचे दात पडून पक्के येतात अडीचला, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड जुळतं. म्हणजे तापीकाठी सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत जो जाणकार आधी घोड्याचा ओठ उलटतो, तो नकळत पाठीचंही वय वाचत असतो.

वाचूनही पुष्कळ जण ते मनावर घेत नाहीत. दोन पक्के दात दिसले की जनावर ‘तयार’ ठरतं. त्याला मागच्या पायांवर उभं राहायला, ताशावर नाचायला शिकवतात. तेव्हा अंगाचा सगळा भार मागच्या टाचांच्या सांध्यांवर आणि कमरेच्या कच्च्या मणक्यांवर येतो. त्या सांध्यांत पुढं हाड वाढतं, घोडा पाऊल आखडतं टाकू लागतो. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत दोन वर्षांचे घोडे धावतातच की, असं कुणी म्हणेल. धावतात, पण जॉकी पन्नास-पंचावन्न किलोंचा आणि दिमतीला पशुवैद्य. तरीही कोवळ्या नळ्या दुखावणं तिथं नेहमीचंच. उलट टोकही वाईट. शिंगरू खुंट्याला बांधूनच वाढवलं तर हाड कमजोर राहतं, कारण हाड भारानुसारच घट्ट होतं. लहानपणी मोकळं हुंदडणं हवं, स्वार नको.

ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 चे नियम आहेत. त्यात तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त 70 किलो ओझं सांगितलंय. नियम मालाचा आहे, नवरदेवाचा नव्हे, हे खरं. पण शेरवानी, फेटा, पुढ्यात बसवलेला करवला आणि खोगीर धरून काटा कुठं जातो, ते प्रत्येकानं आपल्या घरच्या लग्नात पाहावं. नांदगाव असो की नंदुरबार, घोडी ठरवताना आपण भाडं विचारतो, तिचं साज-जरीचं कौतुक करतो. यंदा मालकाला एवढंच सांगा, ओठ वर करून दाखवा. कडेचे दात पक्के नसतील तर दुसरी घोडी बघा.