घरच्या घरी कुत्र्याचे केस: कात्री कधी उचलायची, कधी खाली ठेवायची

कुत्र्याच्या केसांवर एवढं काय बोलायचं, असं काही जणांच्या मनात आलं असेल. पण ज्यांच्या घरी गोल्डन रिट्रीव्हर, पामेरियन किंवा शिह त्झू आहे, त्यांना विषयाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मार्च लागला की त्यांच्याकडून दोन प्रश्न हमखास येतात. एक, "याला एवढं उकडतंय, केस अगदी बारीक करून टाकू का?" आणि दुसरा, "घरीच करायचं तर कात्री कोणती घेऊ?" पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही, म्हणून सुरुवात पहिल्यापासून करू.

केस असतात कशासाठी?

कुत्र्यांचे केस ढोबळमानाने दोन तऱ्हांचे. शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे बराच काळ वाढत राहतात. ते कापावेच लागतात, नाहीतर डोळ्यांत जातात आणि गुंततात. दुसरी तऱ्हा दुहेरी थराची. गोल्डन, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पामेरियन, हस्की यांच्या अंगावर बाहेरून लांब, जरा राठ केस असतात आणि त्यांच्याखाली मऊ, दाट लव असते. हे केस ठरावीक लांबीला थांबतात, गळतात, पुन्हा येतात. आपला गावठी कुत्रा किंवा कारवानी यांचे केस इतके आखूड असतात, की तिथे कात्रीचा प्रश्नच येत नाही. रबरी ब्रश फिरवला की काम झालं.

आज आपण गोल्डनचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ त्याच्याच बाबतीत होतो. ही जात स्कॉटलंडची. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ या नावाने ओळखल्या गेलेल्या गृहस्थांनी १८६८ साली आपल्या गिसाकन इस्टेटीवर या जातीची सुरुवात केली. गोळी लागलेले पक्षी थंड पाण्यातून उचलून आणणं, हे त्या कुत्र्याचं काम. पाणी बाहेरच्या केसांवरून ओघळावं आणि आतल्या लवेने ऊब धरावी, अशी ती रचना. असा कुत्रा आपण पुण्या-नागपुरात आणला आहे, तेव्हा त्याच्या उन्हाळ्याची काळजी वाटणं साहजिक आहे.

पण आता नीट बघा. आपल्याला अंगभर घाम येतो, तो वाळतो आणि आपण थंड होतो. कुत्र्याचं तसं नाही. त्याला घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांना येतो. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. म्हणजे पाठीवरचे केस कापून घाम वाळायला मदत होईल, हा हिशेब इथे लागू पडत नाही. उलट बाहेरचे केस उन्हाचा थेट मारा कातडीवर येऊ देत नाहीत. ते मुळाशी उडवले तर कातडी उघडी पडते. आणि दुहेरी थराच्या काही कुत्र्यांत, विशेषतः पामेरियन आणि हस्कीसारख्यांत, असे कापलेले केस नीट परत येत नाहीत. कुठे महिनोन्‌महिने टक्कल राहतं, कुठे फक्त लव येते.

मग उन्हाळ्यात करायचं काय? गळलेली लव बाहेर काढायची. गळून आतच अडकलेली लव म्हणजे भर उन्हात घातलेला स्वेटर. ती निघाली की केसांमधून वारा खेळतो. हे काम कंगव्याचं आहे, कात्रीचं नाही.

आधी कंगवा, मग पाणी, मग कात्री

हा क्रम बदलू नका. आंघोळीआधी विंचरायचं. गुंता भिजला की घट्ट होतो आणि वाळल्यावर अगदी नमद्यासारखा बसतो. पावसाळ्यात फिरून आलेल्या कुत्र्याच्या काखेत आणि कानामागे जटा होतात, त्या अशाच. गोल्डनला आधी बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि नंतर धातूचा कंगवा लागतो. एका हाताने केस वर उचलून धरायचे आणि खालून एकेक ओळ सोडत विंचरायचं, म्हणजे कंगवा मुळापर्यंत जातो. नुसता वरून ब्रश फिरवला तर कुत्रा चमकतो, आतली लव मात्र तिथेच राहते.

कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता गेला की समजायचं, आता कात्री चालेल. आंघोळ घालून पूर्ण वाळवल्यावरच कापायचं. ओले केस लांब दिसतात, वाळल्यावर आखूड होतात, आणि मळक्या केसांनी धार लवकर जाते.

तीन कात्र्या आणि एक हिशेब

आता दुसरा प्रश्न. घरी तीन कात्र्या पुरतात. एक ७ इंचांच्या आसपासची सरळ कात्री. एक लहान, गोल टोकाची, पंजांसाठी आणि चेहऱ्यासाठी. आणि तिसरी थिनिंग कात्री, सलूनमध्ये केस पातळ करायला वापरतात तशी दातेरी. स्वयंपाकघरातली किंवा कागदाची कात्री नको. बोथट पात्यात केस दुमडतो, ओढला जातो, आणि कुत्रा एकदा दचकला की पुढच्या वेळी कात्री दिसताच पळतो.

थिनिंग कात्रीचं एक पातं साधं असतं, दुसऱ्याला कंगव्यासारखे दाते असतात. ती मिटली की दात्यांच्या टोकांवर आलेले केस कापले जातात, फटीत शिरलेले सुटतात. म्हणून साध्या कात्रीने चुकलं तर अंगावर पायरी दिसते, थिनिंगने चुकलं तर सहसा कळतही नाही. नवशिक्याला ती जास्त माफ करते.

पण एक हिशेब लक्षात ठेवा. समजा, एकदा मिटल्यावर एक तृतीयांश केस कापले जातात. १०० केसांतले ६७ उरले. त्याच जागी पुन्हा मिटली, ४५ उरले. तिसऱ्यांदा, ३०. म्हणजे "जरा पातळ करू" म्हणता म्हणता ७० टक्के केस गेले. म्हणून एकदा किंवा दोनदा मिटायची, पूर्ण उघडून बाहेर काढायची, कंगवा फिरवायचा, दोन पावलं मागे जाऊन बघायचं, मगच पुढे. अर्धवट मिटलेली कात्री ओढली तर केस उपटले जातात.

आणखी दोन गोष्टी. पाती केस ज्या रेषेत पडतात त्या रेषेत धरायची. आडवी धरली तर या कात्रीनेही खाच पडते. आणि कातडीजवळ कापायचं नाही. मुळाशी कापलेले खुंट वाढताना वरच्या लांब केसांना ढकलतात, मग केस बसत नाहीत, उभे राहतात. कापायचं ते मधल्या किंवा टोकाकडच्या भागात.

कात्री धरायची ती अंगठा आणि अनामिकेत. हलवायचा फक्त अंगठा. दुसरं पातं स्थिर राहिलं पाहिजे. रिकाम्या हवेत दहा मिनिटं सराव करा, मग कुत्र्याकडे वळा.

प्रत्यक्षात कापायचं कुठे?

गोल्डनच्या अंगावर, म्हणजे पाठीवर आणि कुशीला, कात्री लावायचीच नाही. कात्रीच्या जागा चार.

पहिली, पंजे. गाद्यांमधले केस वाढले की गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, म्हाताऱ्या कुत्र्याचा तर फारच. शिवाय पावसाळा संपता संपता आपल्या माळांवर कुसळी गवत तयार होतं. ते कुसळ बोटांमधल्या केसांत अडकतं आणि आत रुतत जातं. म्हणून गोल टोकाच्या कात्रीने गाद्यांच्या पातळीपर्यंतचे केस कापा. टोक बोटांच्या मध्ये खुपसू नका, तिथे पातळ पडदा असतो. पंजाच्या वरून उगवलेले केस कंगव्याने उभे करून थिनिंगने उतरवा. कापता कापता बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का तेही बघून होतं. आपल्याकडे कुत्र्यांचा गोचीडताप काही कमी नाही.

दुसरी जागा, मागच्या पायाची टाच. तिथली झालर कंगव्याने बाहेर ओढा आणि सरळ कात्रीने वरून खाली एका रेषेत कापा.

तिसरी, कान. कानाच्या वर आणि मागे मऊ, पिंजारलेले केस येतात, ते थिनिंगचं काम. इथे आधी बोटांनी कानाची कड चाचपा. कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूला कातडीची एक छोटी खिशासारखी घडी असते. केसांत ती दिसत नाही आणि कात्रीला नेमकी तीच सापडते. कानाला जखम झाली की कुत्रा डोकं झटकतो आणि रक्त लवकर थांबत नाही.

चौथी, शेपूट. हाडाचं टोक बोटांनी शोधा, त्यावर अंगठा ठेवा, आणि अंगठ्याच्या पुढे इंचभर केस सोडून कापा. मग शेपूट आडवी धरून झालरीची टोकं पंख्यासारखी सारखी करा.

जट कात्रीने का कापायची नाही?

आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या: जटेखाली कात्री घालायची नाही.

कारण सांगतो. जट घट्ट झाली की ती खालच्या कातडीला ओढून धरते. आपण जट उचलतो तेव्हा तिच्यासोबत कातडीही तंबूसारखी वर येते. बाहेरून दिसतात फक्त केस. आपण "केसांच्या मुळाशी" कात्री लावतो ती त्या तंबूलाच. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो, त्यामुळे एका झटक्यात मोठी फाट पडते आणि टाके घालावे लागतात. काख, जांघ आणि कानामागे हे सगळ्यात जास्त होतं. सैल कातडीच्या घड्या आणि सडांची टोकं अशीच फसवतात. सडं नरालाही असतात बरं का.

मग जट सोडवायची कशी? मुळाशी केस चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीला लागणार नाही. टोकाकडून थोडं थोडं विंचरत आत या. जट मोठी असेल तर बोटांनी तिचे उभे भाग करा. जट आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकत असेल, तर तो ढालीसारखा तिथेच ठेवून त्याच्या वरच्या बाजूला थिनिंग कात्री एकदोनदा मिटा आणि पुन्हा विंचरा. पण कंगवाच शिरत नसेल तर थांबा. ते काम मशीनचं, आणि मशीन अनुभवी माणसाच्या हातात हवं. अंगभर जटा असतील, खाली कातडी लाल किंवा ओली असेल, तर सरळ पशुवैद्यांकडे न्या. अशा वेळी केस पूर्ण काढावे लागले तरी तो उपचार आहे, उन्हाळ्याची हौस नव्हे.

तरीही कापलंच, तर स्वच्छ फडकं पाच मिनिटं दाबून धरा. हळद, तेल, आपली मलमं लावू नका, तो ती चाटणारच. कातडी उघडी पडलेली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कुत्र्याचा वेळ, कुत्र्याचा हिशेब

सगळे पंजे एका बैठकीत झालेच पाहिजेत असा नियम नाही. योगाच्या चटईवर उभा करा, म्हणजे पाय सरकत नाही. पहिले दोन दिवस कात्रीचा नुसता आवाज ऐकवा आणि खाऊ द्या. तिसऱ्या दिवशी एक पंजा. तो जीभ ओठांवरून फिरवायला लागला, जांभया द्यायला लागला, पाय काढून घ्यायला लागला, की तो "पुरे" म्हणतोय. दोन माणसांनी दाबून धरून पंजा संपवता येतो, पण पुढची दहा वर्षं त्याची किंमत मोजावी लागते.

कात्रीचीही निगा घ्या. काम झालं की पुसा, खिळ्यापाशी तेलाचा एक थेंब टाका. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर ती देऊ नका, विशेषतः दातेरी कात्री. सलूनच्या कात्र्यांना धार लावणाऱ्याकडेच न्या.

शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: "एवढं सगळं करायचं, तर वेळ किती लागतो?" आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं विंचरणं, आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा कात्री. जो विंचरतो त्याला कात्री कमी लागते. विंचरताना तुमची बोटं त्याच्या सगळ्या अंगावरून फिरतात. गाठ, गोचीड, दुखरी जागा आधी बोटांना कळते, डोळ्यांना नंतर. म्हणून आज घरी जाऊन कात्रीची ऑर्डर देऊ नका. आधी कंगवा घ्या, आणि तो कानामागे मुळापर्यंत जातो का तेवढं बघा.