टेलिफोन तोडलेले केंद्र

इ. स. १९६७ च्या आरंभी, सॅन फ्रान्सिस्को शहरात, टॉम डोनह्यू नावाचा एक अवाढव्य देहाचा गृहस्थ घरी बसून ‘द डोअर्स’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी पुन्हा पुन्हा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या मनात आले की, ज्या रॉक संगीताने या शहराची तरुण पिढी झपाटली आहे आणि ज्यासाठी फिलमोर व अ‍ॅव्हलॉन या सभागृहांत गर्दी लोटते, ते येथील एकाही नभोवाणी केंद्रावर धड ऐकू येऊ नये, हे काय गौडबंगाल आहे? त्याने एफ. एम. केंद्रांना फोन लावण्याचा सपाटा सुरू केला, आणि अखेर ज्याचा टेलिफोनच तोडलेला होता अशा एका केंद्रापाशी येऊन तो थबकला. फोनचे बिल ज्याला झेपत नाही तो मालक आपले गाऱ्हाणे खचित ऐकेल, असा त्याचा हिशेब. ही कथा त्याच्या गोतावळ्यात इतक्या तोंडांतून गेली आहे की तिला आख्यायिकेचा गुळगुळीतपणा आला आहे. पण त्या केंद्राची, म्हणजे १०६.९ वरील ‘केएमपीएक्स’ची, कळा मात्र तशीच होती. परभाषिक मंडळींना तासातासाने वेळ विकून ते कसेबसे तग धरून होते.

डोनह्यू हा कोणी बंडखोर पोरगा नव्हता. ‘केवायए’ या केंद्रावर निवडक चाळीस गाण्यांचे रहाट वर्षानुवर्षे ओढून त्याने नाव आणि पैसा मिळवलेला होता. २९ ऑगस्ट १९६६ रोजी कँडलस्टिक पार्कवर झालेल्या बीटल्सच्या अखेरच्या सशुल्क जलशाच्या आयोजकांतही तो होता. त्यामुळे नोव्हेंबर १९६७ मध्ये, नव्यानेच निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’च्या दुसऱ्या अंकात, त्याने या चाळीस गाण्यांच्या नभोवाणीला सडक्या प्रेताची उपमा दिली, तेव्हा त्या प्रेताची नाडी आपण स्वतः किती वर्षे पाहिली आहे हे त्याला पुरते ठाऊक होते.

आता थोडे कायद्याकडे वळले पाहिजे, कारण या क्रांतीचे बीज गिटारीत जितके आहे तितकेच सरकारी दफ्तरात आहे. आर्मस्ट्राँग या संशोधकाने १९३३ मध्ये एकस्वे मिळवलेली एफ. एम. पद्धती, खरखरीपासून मुक्त आणि १९६१ पासून द्विध्वनीची मुभा लाभलेली असूनही, अनाथ होती, ए. एम. केंद्रांचे मालक आपल्याच कार्यक्रमांची नक्कल तिच्यावरून सोडून मोकळे होत. १९६४ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने हुकूम काढला की, एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एफ. एम.चा निम्म्याहून अधिक वेळ अशा नकलेत घालवता येणार नाही. मालकांनी मुदती मागून मागून त्याची अंमलबजावणी १९६७ च्या प्रारंभापर्यंत लांबवली. आयोगाला रॉक संगीताचे काडीचे प्रेम नव्हते; लहरी वाया जाऊ नयेत एवढीच त्याची कारकुनी काळजी. परंतु रिकामे तास भरायचे कशाने, हा प्रश्न त्यामुळे गावोगावच्या मालकांपुढे उभा राहिला, आणि न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूओआर’ने १९६६ मध्येच त्याचे उत्तर रॉकमध्ये शोधले होते, म्हणून आद्यत्वाचा मान केएमपीएक्सला निखळपणे देता येत नाही. सरकारी हुकमाचे फळ हुकूम काढणाऱ्याच्या कल्पनेत नसते, याचा अनुभव आपल्याकडेही आहे. माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीताला मज्जाव केला तो अभिजात संगीताच्या कळकळीने, आणि त्यातून भरभराट झाली ती रेडिओ सिलोनची.

७ एप्रिल १९६७ रोजी रात्री आठ वाजता डोनह्यूने माइक हाती घेतला. मध्यरात्रीनंतर लॅरी मिलर हा निवेदक त्याच केंद्रावर फेब्रुवारीपासून असले संगीत वाजवतच होता. घरून आणलेल्या तबकड्या, तीन-चार रचना न बोलता एकीतून दुसरीत ओवणे, तबकडीची अख्खी बाजू सलग लावणे, ब्लूजशेजारी रविशंकरांची सतार, आणि किंचाळणाऱ्या निवेदकाऐवजी शेजारी बसून बोलावे तसा खालच्या पट्टीतला स्वर, असा सारा थाट होता. यंत्रे सांभाळण्यास तरुण स्त्रिया होत्या, हीही त्या काळी अपूर्वाईच. उन्हाळा सरेपर्यंत चोवीस तास रॉक सुरू झाले, आणि ज्या केंद्राचा टेलिफोन बंद होता तेथे पैसा खुळखुळू लागला.

पैसा आला आणि मालक-चाकरांचे बिनसले. १८ मार्च १९६८ च्या पहाटे तीन वाजता कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. ग्रीन स्ट्रीटवर, केंद्राच्या दाराशी, ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने भररस्त्यात वाद्ये लावून संपकऱ्यांची करमणूक केली. संप चिघळला. इकडे मेट्रोमीडिया या मातबर कंपनीचे ९४.९ वरील अभिजात संगीताचे केंद्र रखडत चालले होते. डोनह्यूने आपली फौज तेथे नेली, आणि २१ मे १९६८ पासून ‘केसॅन’ या नावाने तेच आवाज दुसऱ्या लहरीवरून ऐकू येऊ लागले. श्रोत्यांनी रेडिओची सुई सरकवली, एवढेच. परवाना, मनोरा आणि यंत्रसामग्री मालकाकडे राहिली. केंद्र निघून गेले होते. या प्रकरणात मला सर्वाधिक मोलाचा दाखला हाच वाटतो.

केसॅनचा खरा कस लागला तो ७ डिसेंबर १९६९ रोजी. आदल्या दिवशी अल्टामाँटच्या मैदानावर, रोलिंग स्टोन्सच्या विनामूल्य जलशात, बंदोबस्तास बसवलेल्या हेल्स एंजल्स या मोटारसायकलस्वार टोळीतील एकाने एका अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला भोसकून ठार केले होते. केसॅनने त्या दिवशी तबकड्या बाजूला सारून टेलिफोन खुला केला, आणि कित्येक तास प्रेक्षक, आयोजक, फार काय त्या टोळीचा म्होरक्या सनी बार्जरही, आपापली जबानी शहरासमोर देत राहिले. आपल्याच पंथाच्या उत्सवात रक्त सांडल्यावर पंथाच्याच केंद्राने भरवलेली ही पंचायत होती. ‘गिमी शेल्टर’ या अनुबोधपटात त्या जबान्या आजही ऐकता येतात.

पुढची हकीकत मी भराभर सांगतो. २८ एप्रिल १९७५ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, डोनह्यू हृदयविकाराने वारला. एफ. एम. आता अनाथ राहिले नव्हते. जेथे नफा तेथे सल्लागार, आणि जेथे सल्लागार तेथे पुन्हा मोजक्या गाण्यांची यादी, असा क्रम देशभर सुरू झाला. केसॅनने १४ जानेवारी १९७८ रोजी विंटरलँड सभागृहातून ‘सेक्स पिस्टल्स’ या वाद्यवृंदाचा तो गाजलेला अखेरचा जलसा थेट ऐकवला खरा, पण ती विझत्या समईची मोठी झालेली ज्योत होती. १५ नोव्हेंबर १९८० रोजी ९४.९ वरून कंट्री संगीत सुरू झाले.

१०६.९ ही लहर तत्पूर्वीच धार्मिक प्रवचनांकडे गेली होती. के, एस, ए, एन ही चार अक्षरे पुढे त्याच परिसरातील १०७.७ या लहरीवरील केंद्राने घेतली, आणि तेथे ‘जुने रॉक’ या सदराखाली तीच गाणी वाजू लागली.