परतलेल्या मुलांचं अंगण

२०१३ साली परदेशी गेलेलं एखादं अंधेरीकर जोडपं आज लहान मुलांना घेऊन परत आलं, तर त्यांना आपलंच उपनगर नव्याने शिकावं लागतं. वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि बसने तासाहून अधिक खाणारा प्रवास वीस-बावीस मिनिटांवर आला. २०२२च्या गुढीपाडव्याला दहिसरच्या बाजूने आणखी दोन मार्गिकांचे पहिले टप्पे सुरू झाले, जानेवारी २०२३मध्ये त्या अंधेरीपर्यंत पोचल्या. याच काळात, जुलै २०१८मध्ये, अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२मध्ये पूल बंद झाला आणि नवा पूल पूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडला.

मुलांना या बदलाचं काहीच वाटत नाही. त्यांनी पाहिलेली पहिली मुंबई हीच. अवघड होतं ते आजीच्या घरी जाताना. आजी-आजोबा भलत्याच रस्त्यावर, बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यावर राहत असतात. पुनर्विकासाला गेलेल्या जुन्या बिल्डिंगच्या जागी पत्र्याचं कुंपण आणि आत खणलेला खड्डा. बाबा ज्या जागी लगोरी खेळले, ती जागा मुलाला बोटाने दाखवायची तर पत्र्यांच्या फटीतून दाखवावी लागते.

अशी उपनगरं मुळात कशी घडली, ते पाहायला मुलुंड सोयीचं. १९२०च्या दशकाच्या आरंभी क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी गावाची आखणी केली. स्टेशनापासून पाच रस्त्यापर्यंतचे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आजही त्याची साक्ष देतात. महापालिकेची हद्द १९५०मध्ये अंधेरी-घाटकोपर ओलांडून पुढे सरकली, १९५७मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत आली. १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आला आणि गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांत दाटीने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी उपनगरांत सोसायट्या उभारल्या. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, पण भोवती मोकळं आवार. त्या आवारात डबा ऐसपैस चाले, गणपतीचा मांडव पडे, कोजागिरीचं दूध आटे. कोणतं पोर कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक असे.

त्या इमारती आता पन्नाशीच्या पुढे आहेत. स्लॅब गळतात, सळया फुगतात, जिने म्हाताऱ्यांना झेपत नाहीत. पुनर्विकास ही अनेकांची खरी गरज आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी मार्गदर्शक सूचना आल्या, ४ जुलै २०१९ रोजी त्या सुधारल्या गेल्या. आता एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती पुरते. नव्या विकास नियमावलीने सोसायट्यांना जादा बांधकामाची सवलतही दिली. फक्त विमानतळालगतच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला आणि घाटकोपरच्या काही भागांत, उंचीच्या बंधनामुळे गणित जुळत नाही आणि मोडकळीला आलेल्या इमारती तशाच उभ्या राहतात.

सभांमध्ये बोलणी होतात ती कार्पेट एरियाची, भाड्याची, कॉर्पस निधीची, पार्किंगची. आवाराचा विषय क्वचितच निघतो. कायद्याने मात्र त्याचा विचार केलेला आहे. १९९१च्या विकास नियमावलीत हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर, आकारानुसार १५ ते २५ टक्के जागा खेळण्या-बसण्यासाठी मोकळी ठेवायची अट होती. ही जागा गाड्या ठेवायच्या मजल्यांच्या, म्हणजे पोडियमच्या, छतावर दाखवायची पळवाट निघाली, तेव्हा डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. पुढच्या नियमावलीने यातला काही वाटा पोडियमवर दाखवायची मुभा दिली. हजार चौरस मीटरांच्या आतले भूखंड तर त्या अटीबाहेरच होते, आणि उपनगरांतल्या कित्येक जुन्या सोसायट्या तेवढ्याच जागेवर उभ्या आहेत.

परतलेल्या मुलांना या हरवलेल्या आवाराची झळ सगळ्यात आधी बसते. राज्याच्या २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, म्हणून अक्षरं शाळेत येतील. पण ‘ए, माझ्यावर राज्य नाही!’ हे वाक्य वर्गात शिकता येत नाही. त्यासाठी खाली उतरल्यावर चार पोरं दिसावी लागतात. सहाव्या मजल्यावरच्या पोडियमवर सूचनाफलक असतो: चेंडू खेळू नये, सायकल आणू नये. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे खरं. पण तिथे रविवारी जायचं असतं. लहान मुलाला जागा रोजची लागते, एकट्याने जाता येईल अशी लागते.

असंच झपाट्याने बदललेलं दुसरं शहर पाहायचं तर, शांघायची पहिली मेट्रो १९९३मध्ये धावली आणि आज तिचं जाळं आठशे किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. त्या झपाट्यात गल्ल्यांमधल्या जुन्या घरांतली असंख्य कुटुंबं शहराच्या कडेच्या वसाहतींत पांगली. तिथे परतणाऱ्याला जुना शेजार सापडणं कठीण. आपल्याकडे भाडेकरू दुरावतात, हे दुःख आहेच. पण सोसायटीचे सभासद त्याच भूखंडावर, त्याच शेजाऱ्यांसह परत येतात. शिवाय नव्या इमारतीच्या नकाशावर काय यावं, हे त्यांच्याच मतांनी ठरतं. ही फार मोठी ताकद आहे आणि आपण ती केवळ चौरस फुटांसाठी खर्च करतो आहोत.

म्हणून करारनाम्यावर सह्या होण्याआधी वास्तुविशारदाला सभेत चार प्रश्न विचारायला हवेत. जमिनीवर मोकळी जागा नेमकी किती आणि कुठे? तिथून गाड्यांचा रस्ता जातो का? जुन्या झाडांपैकी कोणती राहणार? गणपतीचा मांडव कुठे पडणार? उत्तरं तोंडी नकोत, नकाशावर हवीत आणि करारात हवीत. मुलांना मत नसतं. त्यांच्या आई-बाबांनी, आजी-आजोबांनी हा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घालून घ्यावा, कारण एकदा पाया भरला की अंगण मागायची वेळ निघून गेलेली असते.