मधुमेह : पायपीट आणि पाला

मधुमेही माणूस निर्धन असेल, तर त्याने पादत्राणे व छत्री न घेता शंभर योजने चालावे, अथवा विहीर खणावी, असा उपचार सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. विहीर खणण्यापेक्षा पुष्कळांना गोळी बरी वाटेल! परंतु त्या कठोर आज्ञेमागचे निरीक्षण खोटे नव्हते. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. म्हणून ज्याचे शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही, त्यालाही चालण्याचा गुण येतो. मात्र एक-दोन दिवसांत तो ओसरतो. रविवारी डोंगर चढून आठवडाभर बैठक मारणाऱ्याला त्याचा फारसा लाभ नाही.

भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. सुमारे तीन वर्षांत, केवळ सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्क्यांना मधुमेह जडला. आहार सांभाळून नियमित चालणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के, तर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत 40 टक्क्यांच्या आसपास होते.

हे मेटफॉर्मिनही मूळचे वनस्पतीच्याच कुळातले. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची एक झुडूपवजा वनस्पती उगवते. तिच्यातील ग्वानिडीन जातीची द्रव्ये साखर उतरवतात, पण ती विषारीही आहेत. तिचा पाला खाऊन मेंढ्या दगावल्या आहेत. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच जातीचे सौम्य द्रव्य प्रयोगशाळेत घडविले आणि 1957 साली पॅरिसमध्ये झां स्टर्न यांनी मधुमेहावरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यकृतातून रक्तात येणारी साखर ते आवरते. पाल्यापासून गोळीपर्यंतचा हा प्रवास, म्हणजे मात्रा ठरविणे, विष वगळणे, माणसांवर पडताळणे, हाच खरा महत्त्वाचा.

आपल्या कारल्याचा आणि गुडमारीचा तो प्रवास अद्याप पुरा झालेला नाही. गुडमारीचे पान चघळल्यावर साखर मातीसारखी लागते, हे गमतीचे खरे. परंतु जिभेची गोडी जाणे म्हणजे रक्तातली साखर जाणे नव्हे. ज्या बालकाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्याचे इंजेक्शन थांबवून त्याला काढा पाजणे हे तर थोड्याच दिवसांत जिवावर बेतते. प्रौढाने कारल्याचा रस घेतलाच, तर तो डॉक्टरांच्या कानावर घालून घ्यावा. चालू औषधात त्याची भर पडून साखर फार उतरू शकते. इन्शुलिन घेणाऱ्याने फिरायला निघताना खिशात चार खडे खडीसाखर ठेवावी.