हातातला संगणक आणि बाहेरचे कार्ड

दोन्ही हातांत धरून खेळ खेळता येतील असे लहान संगणक आता मिळतात. लेनोवो कंपनीचा २०२३ साली आलेला ‘लीजन गो’ हा त्यांपैकीच एक. उष्णता आणि बॅटरी सांभाळायची असल्यामुळे त्यातील चित्रे काढणारा भाग बेताचाच असतो. म्हणून मोठ्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड वेगळ्या पेटीत बसवून केबलने जोडतात. पेटीला वीज स्वतंत्र द्यावी लागते.

मी संध्याकाळी एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करतो; फीचा बराचसा भाग तेथूनच निघतो. (घरी मात्र मी टीव्ही दुरुस्त करतो असाच समज आहे.) हे जोडकाम तेथे हाताखालून गेले, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

सारा प्रश्न वाटेचा आहे. विहिरीला पाणी उदंड असले तरी पाट अरुंद असेल तर टोकाचे वाफे कोरडेच राहतात. टेबलावरच्या संगणकात कार्डासाठी सोळा पदरी मार्ग असतो. चौथ्या पिढीच्या अशा मार्गाने सेकंदाला सुमारे २५० गिगाबिट माहिती जाऊ शकते. लीजन गोच्या यूएसबी-४ जोडणीची मर्यादा ४०, आणि त्यातले कार्डाच्या वाट्याला फार तर ३२. तेव्हा सर्वांत महागडे कार्ड घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

एका गिऱ्हाइकाच्या यंत्राने कार्ड ओळखले होते, ड्रायव्हरही बसला होता, तरी खेळ अडखळत होता. गृहस्थ खेळत होते यंत्राच्याच पडद्यावर! म्हणजे कार्डाने काढलेले प्रत्येक चित्र त्याच अरुंद पाटाने परत येत होते. मॉनिटर थेट कार्डाला जोडला आणि खेळ सुरळीत झाला.

‘ऑक्युलिंक’ ही जोडणी याहून रुंद, ६४ गिगाबिटांपर्यंतची. पण ती मोजक्याच यंत्रांवर असते, आणि जोडण्यापूर्वी यंत्र बंद करावे लागते.

वॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम डेक’चे (२०२२) भोक दिसायला लीजन गोसारखेच, पण कार्डाची वाट त्यात मुळीच नाही. पेटी लावली तरी कार्ड दिसत नाही. काही हौशी लोक आतली एसएसडी काढून त्या जागेतून कार्डाची केबल बाहेर आणतात आणि यंत्र मेमरी कार्डावर चालवतात. वसतिगृहातला माझा मित्र सुट्टीत कमावलेले सगळे पैसे घालून हाच डेक आणि पेटी मागवणार होता. त्याला व्हिडिओ संकलन शिकायचे आहे. वापरलेला साधा संगणक त्याला कसा पुरेल, ते मी कागदावर मांडून दिले. तो अजून विचार करीत आहे; पैसे पोस्टात आहेत.