घट्टा कसा घडतो

ट्रायल्सच्या सायकलला सीट नसते. काहींना नावापुरती एक पट्टी असते, बहुतेकांना तीही नाही. गिअर एकच, तोही हलका. ब्रेक इतके कडक की एका बोटाने दाबले तरी चाक जागच्या जागी गच्च बसतं. एवढ्याच सामानावर माणूस दगडावरून दगडावर, ओंडक्यावरून भिंतीवर उड्या घेत जातो आणि पाय जमिनीला टेकला की गुण गमावतो. बसायची सोयच नसल्यामुळे माणसाची आणि सायकलची गाठ चार ठिकाणी पडते: दोन पेडल आणि हँडलचे दोन ग्रिप. पायांत बूट असतात. हातांत पुष्कळदा काहीच नसतं.

या खेळातल्या उड्या पाहून लोक थक्क होतात आणि व्हायलाच हवं. मला मात्र त्याहून मोठं नवल वाटतं ते या उघड्या तळहाताचं. नव्या चालकाचे हात पहिल्या काही आठवड्यांत सोलून निघतात, फोडांनी भरतात आणि मग हळूहळू, जिथे पाहिजे नेमकं तिथेच, जाड व्हायला लागतात. चार बोटांच्या बुडाशी चार पिवळट उंचवटे येतात. ब्रेकच्या बोटावर, दांडी जिथे घासते तिथे, एक छोटा घट्टा वेगळाच उगवतो. आपलं शरीर घासण्याची नोंद ठेवतं आणि त्या नोंदीप्रमाणे माल पुरवतं.

हे घासणं होतं कसं, ते एका उडीत पाहता येतं. चालक मागच्या चाकावर उभा आहे. पुढचं चाक हवेत, मागचा ब्रेक आवळलेला, समोर कमरेएवढी भिंत. तो किंचित पुढे झुकतो, ब्रेक सोडतो, पेडलला एक झटका देतो आणि त्याच क्षणी हँडल आपल्या कमरेकडे ओढून घेतो. सायकल खालून वर येते. या ओढीत सगळा भार बोटांच्या आकड्यांवर असतो आणि ग्रिप बोटांच्या मुळाशी असलेल्या मऊ कातडीला बोटांच्या दिशेने खेचतो. चाक भिंतीवर टेकतं, ब्रेक पुन्हा आवळला जातो आणि क्षणात भार उलटतो: आता तळहाताची टाच हँडलवर दाबली जाते आणि तीच कातडी मनगटाकडे ढकलली जाते. एका उडीत एक ओढ, एक ढकल. शिवाय मूठ वळली की बोटांच्या मुळाशी कातडीची घडी पडते आणि ती घडी ग्रिप नि हाड यांच्या मध्ये चिमटली जाते. तास-दोन तास सराव केला की हे किती वेळा होतं याचा अंदाज करा.

मोटरसायकलच्या ट्रायल्समध्येही हातांचं दुखणं हेच. किंबहुना सायकलवरचा हा खेळ तिथूनच आला. 1970 च्या दशकात स्पेनच्या कॅटलोनियात पेरे पी हा मोन्तेसा मोटरसायकलींच्या घडणीत गुंतलेला होता. त्याचा मुलगा ओत पी बापाच्या मोटरसायकलवरच्या करामती सायकलवर करू लागला आणि त्यातून खास या कामाच्या छोट्या सायकली निघाल्या. पुढे 2009 मध्ये स्काय बेटावरच्या डॅनी मॅकअस्किलचा एडिनबरोच्या रस्त्यांवरचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. टोकदार लोखंडी कुंपणाच्या माथ्यावरून त्याला सायकल नेताना पाहिलं आणि ज्यांना या खेळाचं नावही ठाऊक नव्हतं, तेही श्वास रोखून बसले.

आता कातडीकडे येऊ. फोड येतो तो वरच्या वर घासून नव्हे. घासून वरचा थर झिजला तर खरचटतं, फोड येत नाही. फोडासाठी कातडीचा वरचा थर ग्रिपला चिकटून राहावा लागतो आणि आतलं हाड त्याच वेळी दुसरीकडे सरकावं लागतं. मधल्या मऊ पेशी दोन्हीकडून ताणल्या जातात. पुन्हा पुन्हा ताणल्या गेल्या की त्यांना एकमेकींशी बांधणारे दुवे तुटतात, वरच्या त्वचेच्या आतच एक फट पडते आणि त्या फटीत स्वच्छ पाणी भरतं. मॅरियन सल्झबर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये स्वयंसेवकांची कातडी मुद्दाम घासून हे तपासलं होतं. जिथे वरचा थर जाड आणि खालच्या भागाला घट्ट धरलेला, म्हणजे तळहात आणि तळपाय, तिथेच असे फोड नीट येतात. पातळ कातडी नुसती सोलवटते.

त्यात घामाची भर. अगदी कोरडी कातडी घसरते, अगदी ओली कातडीही घसरते. थोडीशी दमट कातडी मात्र सर्वांत जास्त पकडते. तळहाताला तेलग्रंथी नाहीत, केस नाहीत, पण घामाच्या ग्रंथी दाटीने आहेत आणि त्या उन्हापेक्षा मनाच्या ताणाला लवकर पाझरतात. म्हणजे भिंतीच्या कडेवर तोल सावरताना चालकाच्या छातीत धडधडतं, तळव्यांना नेमका पकड वाढवणारा घाम सुटतो आणि तीच वाढलेली पकड आतल्या पेशींना जास्त ताणते. झाडावर चढणाऱ्या आपल्या पूर्वजांना कामी आली असेल अशी ही व्यवस्था. रबराच्या ग्रिपवर ती फोड आणते.

फोडानंतर, किंवा फोड टाळून हळूहळू सराव वाढवला तर त्याऐवजी, घट्टा येतो. त्वचेच्या तळाशी एक थर सतत नव्या पेशी तयार करत असतो. त्या वर सरकत जातात, वाटेत केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात, चपट्या होतात, मरतात आणि घराच्या कौलांसारख्या एकावर एक बसतात. पृष्ठभागावर पोचल्या की यथावकाश गळून पडतात. अंगावर बहुतेक ठिकाणी या मेलेल्या पेशींचा थर मिलिमीटरचा पन्नासावा-शंभरावा भाग इतकाच असतो. तळहातावर तो मुळातच कित्येक पट जाड असतो. पुन्हा पुन्हा दाब आणि ओढ बसली की तळच्या पेशी जलद विभागू लागतात आणि वरच्या पेशी सहजी सुटत नाहीत. आवक वाढली, जावक मंदावली. तोच घट्टा.

तळहात आणि तळपाय यांचं वेगळेपण इतकं खोल आहे की त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रथिन आहे. केराटिन 9 हे जवळजवळ फक्त याच दोन ठिकाणच्या त्वचेत बनतं. त्याच्या जनुकात बिघाड झाला तर जन्मापासूनच्या काळात तळवे प्रमाणाबाहेर जाड होतात आणि बाकीची कातडी मात्र ठीक राहते. डार्विनने 1871 च्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये लिहून ठेवलं आहे की जन्माच्या कितीतरी आधी, पोटातल्या बाळाच्याही तळपायाची कातडी बाकी अंगापेक्षा जाड असते. ज्या पायाने अजून एक पाऊल टाकलेलं नाही, त्याची तयारी आधीच झालेली! शहामृगाचं तर याहून विलक्षण. ते बसतं तेव्हा अंगाचा जो भाग जमिनीला टेकतो, तिथले घट्टे अंड्यातल्या पिल्लालाही असतात. कॉनरॅड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने 1942 मध्ये याच घट्ट्यांवरून प्रश्न विचारला होता की आयुष्यात कमावायची गोष्ट जन्माआधीच अंगी कशी येते. ट्रायल्सच्या चालकाला ही सवलत नाही. त्याला मिळते ती मूळची जाड कातडी आणि ती आणखी जाड करण्याची क्षमता. बाकीचं त्याने घासूनच मिळवायचं.

इथे मनात शंका येते: हात जाड झाला की बधिर होत नाही का? ट्रायल्समध्ये बधिर हात म्हणजे संकटच. ब्रेक किती धरतोय, टायर घसरायला लागला का, हे सगळं हाताला कळावं लागतं. माणसाच्या एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श पोचवणारे सुमारे 17,000 मज्जातंतू असतात. स्वीडनच्या योहान्सन आणि वॉल्बो यांनी 1979 मध्ये हा अंदाज दिला. या सगळ्यांवर घट्ट्याचं झाकण बसलं तर? हाताबद्दल नाही, पण पायाबद्दल एक सुंदर उत्तर 2019 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात आलं. निकोलस होलोव्का, डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनिया आणि अमेरिकेतल्या शंभराहून जास्त माणसांचे तळपाय तपासले. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जास्त जाड निघाले, तरी स्पर्शाची जाण कमी झाल्याचं दिसलं नाही. कडक घट्टा धक्का गिळत नाही, तो आतपर्यंत पोचवतो. बुटाचा मऊ तळ मात्र गिळतो. पायाचा निष्कर्ष हाताला जसाच्या तसा लावू नये हे खरं. पण अनेक ट्रायल्सवाले जाड हातमोजे का टाळतात, हे यावरून समजायला मदत होते. जाड हातमोज्याने ग्रिपही जाड होतो, मूठ जास्त आवळावी लागते आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू लवकर भरून येतात. मोजे घालायचेच तर पातळ आणि मापाचे घालावेत. सैल मोज्याला तळव्यात सुरकुती पडते आणि ती सुरकुतीच फोड आणते.

घट्ट्याचं खरं दुखणं तो वाढला की सुरू होतं. सपाट घट्टा ढाल असतो. उंच घट्ट्याला काठ येतो, ग्रिप त्या काठात अडकतो आणि एखाद्या जोरदार ओढीत अख्खा घट्टा मुळापासून उपटून निघतो. खाली लालबुंद, ओली, कोवळी कातडी उघडी पडते. एका फोडापेक्षा हे कितीतरी वाईट, कारण सगळी कमाई एका झटक्यात जाते. म्हणून घट्टा काढायचा नाही आणि वाढूही द्यायचा नाही. त्यासाठी घरातली वज्री पुरते. आंघोळीनंतर हात मऊ असताना उंचवट्यांवरून ती हलकेच फिरवायची आणि काठ आजूबाजूच्या कातडीला मिळाला की थांबायचं. ब्लेडने कापायच्या भानगडीत पडू नये. खोल गेलं की रक्त आणि संसर्ग दोन्ही. रात्री झोपताना युरिया असलेलं क्रीम चोळलं तर घट्टा चिवट राहतो, तडकत नाही. सरावाच्या आधी मात्र क्रीम नको.

सायकलकडेही पाहावं लागतं. ग्रिप कडक झाला असेल किंवा हँडलवर फिरत असेल तर बदलावा. ब्रेकची दांडी अशी बसवावी की तर्जनी सहज टोकावर पोचेल. हात लांबवून ब्रेक ओढावा लागला की सगळा पंजा सरकतो. आणि पकड सैल ठेवायला शिकावं, जे सर्वांत कठीण आहे. नवा चालक घाबरून सतत मूठ आवळतो. मुरलेला चालक झटक्यापुरती आवळतो आणि मधल्या क्षणांत सोडतो. त्याचे हात कमी सोलतात ते निम्मे घट्ट्यांमुळे आणि निम्मे या सोडण्यामुळे, असं माझं मत आहे.

फोड लहान आणि न फुटलेला असेल तर तसाच ठेवावा. त्याच्या सालीइतकी चांगली पट्टी दुकानात मिळत नाही. मोठा आणि ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावं, साल जागच्या जागी ठेवावी आणि वर स्वच्छ पट्टी बांधावी. घट्टा उपटला तर साबण-पाण्याने धुवावं, पेट्रोलियम जेली लावून झाकावं आणि दोन-चार दिवस सायकलला हात लावू नये. लाली पसरत गेली, गरम लागलं, पू दिसला तर डॉक्टरकडे जावं. मधुमेह असलेल्यांनी तर एवढीही वाट पाहू नये. आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर ती कातडीची गोष्टच नव्हे. मनगटाजवळून जाणारी नस हँडलवर दाबली जाते आहे. तिथे वज्री आणि क्रीम यांचा उपयोग नाही. हँडलची उंची आणि मनगटाचा कोन बदलावा लागतो आणि तरीही बधिरपणा राहिला तर तज्ज्ञाला दाखवावं लागतं.

स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यम या गावी मे महिन्याच्या सुरुवातीला मोटरसायकलींची सहा दिवसांची ट्रायल होते, सोमवार ते शनिवार. 1911 पासून ती सहा दिवसांची आहे. रोज साधारण 30 सेक्शन, म्हणजे अडथळ्यांचे आखलेले टप्पे, शिवाय डोंगर, दलदल आणि ओढे पार करत लांबचा प्रवास, बहुतेकदा भिजलेल्या हातांनी. अशा आठवड्यात हाताला फोड आला तर? घासून आलेल्या फोडाखाली काय चालतं हे संशोधकांनी तासांच्या हिशोबाने पाहिलं आहे. सहा तासांत फोडाच्या तळाशी असलेल्या पेशी नव्या बांधणीचा कच्चा माल ओढून घेऊ लागतात. 24 तासांनी पेशींची विभागणी जोरात असते. 48 तासांनी वरच्या थरांपैकी एक पुन्हा दिसू लागतो आणि 120 तासांनी सर्वांत वरचा कडक थर तयार होताना दिसतो. म्हणजे सोमवारी दुपारी फोड आलेला स्पर्धक तो झाकून, जपून, पाच दिवस गाडी चालवत राहिला, तर शनिवारी दुपारी शेवटचे सेक्शन चालू असताना त्याच्या पट्टीखाली नवी कातडी आलेली असते.