वरचा डोळा आणि खालचा हात

तत्त्वज्ञानाच्या माणसाला यंत्राच्या हाताशी काय घेणं, असं काहींना वाटेल. पण दिसलं म्हणजे कळलं का, हा आमचा जुनाच प्रश्न. या वेळी तो भांडगावात भेटला.

पुणे–सोलापूर रस्त्यावरच्या या गावी नात्यातल्या मुलांनी पत्र्याच्या खोलीत प्लायवूड आणि छोट्या सर्व्हो मोटरींचा हात बनवला होता. वर टांगलेल्या कॅमेऱ्यानं पाहायचं, हातानं उचलायचं, एवढंच काम. लाकडी ठोकळा हात नीट उचलायचा, पण लाल झाकणाची औषधाची बाटली दर वेळी पाडायचा. आम्ही लगेच निदान केलं: मोटर स्वस्तातली आहे, बदला. मुलांनी साठवलेले पैसे त्यात जाणार होते. आणि निदान साफ चुकीचं होतं.

आपण हिशेब करू. कॅमेरा टेबलापासून ६० सेंमी उंच. बाटली ६ सेंमी उंच, आणि कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून २० सेंमी दूर. प्रोग्रॅम बाटली ओळखतो झाकणावरून. कॅमेऱ्यातून झाकणाला लागून जाणारी रेषा पुढे टेबलाला जिथे टेकते, तिथेच बाटली आहे असं तो समजतो. समरूप त्रिकोण शाळेत केलेत ना? २० गुणिले ६० भागिले ५४, म्हणजे २२.२. दोन सेंमीहून जास्त चूक! ठोकळा १ सेंमीच उंच. त्याची चूक ३.४ मिमी, चिमटा ती सांभाळून घेतो. कॅमेरा खोटं बोलत नव्हता. उंची त्याला दिसतच नव्हती, आणि ती आपणही सांगितली नव्हती. प्रोग्रॅममध्ये बाटलीची उंची घातली, बाटली उभी राहिली. मोटर तीच.

कॅमेरा चांगला घेतला असता तर? रास्पबेरी पायचा दुसऱ्या आवृत्तीचा साधा कॅमेरा घ्या. तो आडवा ६२.२ अंश पाहतो. ६० सेंमी उंचीवरून सुमारे ७२ सेंमी रुंदी दिसते. पूर्ण दृश्य १६४० पिक्सेलांत घेतलं, तर एक पिक्सेल साधारण ०.४४ मिमीचा. एवढं बारीक दिसूनही चूक दोन सेंमीची राहते. बारीक दिसणं वेगळं, बरोबर कळणं वेगळं.

सांख्यकारिकेत ईश्वरकृष्णानं आंधळ्या-पांगळ्याची उपमा दिली आहे. एकाला दिसतं पण चालता येत नाही. दुसरा चालतो पण त्याला दिसत नाही. इथेही तसंच. पण दोघांची भाषा एक हवी. कॅमेरा बोलतो पिक्सेलमध्ये, हात मिलिमीटरमध्ये. म्हणून टेबलावर खुणा करायच्या, हाताचं टोक एकेका खुणेवर न्यायचं, आणि दोघांचे आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. सपाट टेबलासाठी किमान चार खुणा लागतात, त्यांतल्या कुठल्याही तीन एका रेषेत नकोत. आम्ही म्हणू बारा घ्या: आठांवर गणित बसवा, चारांवर परीक्षा घ्या. सोडवून दाखवलेलीच गणितं परीक्षेत घालत नाहीत, तसंच हे. भिंगामुळे कडेच्या सरळ रेषा वाकतात, ती दुरुस्ती त्याआधी करावी. झेंगयू झांग यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत, बुद्धिबळाच्या पटासारखा सपाट कागद वेगवेगळ्या कोनांत धरून फोटो काढले की पुरतं.

आता जोडणी. मुलांनी कॅमेरा छताच्या पाइपला बांधला होता. दुपारी पत्रा तापतो, वाऱ्यानं थरथरतो, आणि सकाळचं गणित बिघडतं. त्यापेक्षा हात आणि कॅमेऱ्याचा खांब एकाच जाड फळीवर स्क्रूनं घट्ट बसवा. खांबाला तिरपा आधार द्या. टेबलाला धक्का लागला तरी दोघं एकत्र हलतील. हात मध्ये आला तर खालचं दिसत नाही, म्हणून आधी हात बाजूला, तो स्थिर झाला की फोटो, मग हालचाल.

आणि धूळ पुसायला कॅमेरा काढलात, तर राखून ठेवलेल्या चार खुणा पुन्हा तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते आधी केलं असतं, तरी बाटलीची चूक सापडली नसती, कारण खुणा सपाट असतात. म्हणून एक खूण मुद्दाम उंच ठेवा, काड्यापेटी उभी करून. पुढच्या वेळी भेटू.